डावा पीळ

ओलिंदोने पेल्याचा तापलेला देठ चिमट्यात धरला आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे पाठ केली.

पहाटेचे सव्वापाच वाजले होते. खिडकीबाहेर पोसोस गावाच्या टेकड्या अजून काळ्याच होत्या. भट्टीभोवतीच्या पाचही जणांनी माना खाली घातल्या. मेस्त्रे, म्हणजे भट्टीचे मुख्य कारागीर, पीळ घालायला वळले की बाकीच्यांनी आपापल्या बुटांकडे बघायचं, ही इथली रीत. सत्तावीस वर्षं ती चालत आली होती, त्यामुळे आमच्या गावातल्या काचकामगारांना एकमेकांचे चेहरे जितके पाठ असतात तितकेच बूटही पाठ असतात.

एरवी हे काम चार श्वासांचं. देठाच्या काचेत तीन पांढऱ्या रेघा आधीच कोंडलेल्या असतात. चिमट्याने टोक घट्ट धरायचं, मनगट तसूभरही हलू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या हाताने फुंकणी साडेतीन वेळा फिरवायची. मग त्या रेघा एकमेकींभोवती गुंडाळत उजवीकडून वर चढतात आणि वरच्या वाटीला जाऊन टेकतात. याला पेन्झोंचा पीळ म्हणतात. इटलीतल्या मुरानो बेटावर आठ पिढ्या तो एकाच घरात राहिला आणि मग ओलिंदो पेन्झोबरोबर बोटीत बसून ब्राझीलला आला.

त्या सकाळी चार श्वास झाले, सहा झाले, आठ झाले. मग टण्णकन आवाज आला. कोणी मान वर केली नाही. ओलिंदोने तुटका देठ भंगाराच्या बादलीत टाकला आणि उजवं मनगट डाव्या हातात धरून वळला.

"काच थंड होती," तो म्हणाला.

काच थंड नव्हती. ती आणून दिली होती दोरिवाल किरिनोने, आणि दोरिवालने गेल्या पंधरा वर्षांत एकदाही थंड काच आणलेली नव्हती.

"हो मेस्त्रे, माझंच चुकलं," दोरिवाल म्हणाला. "दुसरी आणतो."

"नको. बस झालं आजचं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने अँसेल्मो येणार होता. अँसेल्मो म्हणजे ओलिंदोचा थोरला भाऊ, वय वर्षं चौऱ्याहत्तर, घराण्याचा कर्ता. पेन्झोंपैकी कोणी कुठे नवी भट्टी घातली की घरच्या कर्त्याने एकदा तिथे यायचं, त्याच्यासमोर पिळाचे बारा पेले मांडायचे, आणि ते बघून ही भट्टी घराण्याची म्हणायची की नाही हे त्याने सांगायचं, अशी त्यांची पद्धत. अँसेल्मोला यायला सत्तावीस वर्षं लागली. आधी बोटीचं तिकीट परवडत नव्हतं, मग बायको आजारी होती, आणि त्यानंतरची वर्षं नुसत्या ताठ्यात गेली.

तीन आठवडे खपून ओलिंदोचे चार पेले झाले होते. काच हळूहळू निवायला ठेवतात त्या लांबोळक्या भट्टीत ते एका कोपऱ्यात अंग चोरून उभे होते.

अँसेल्मोच्या येण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी ओलिंदोने त्याला पत्र घातलं होतं. माझं मनगट गेलं, इथे रक्ताचं कोणी नाही, तुझा नातू रुज्जेरो पाठव, बाक त्याला देतो. ओलिंदोची एकुलती मुलगी साओ पाउलोला दातांची डॉक्टर होती आणि काचेत तिला काडीचा रस नव्हता. पत्र पोस्टात टाकायला दोरिवाल गेला होता. पाकीट बंद होतं, पण ओलिंदो लिहिताना मोठ्याने बोलतो. त्याला कोण काय करणार?

बाक म्हणजे दोन्ही बाजूंना लांब दांड्या असलेलं एक लाकडी आसन. दांड्यांवर फुंकणी ठेवून फिरवायची आणि काचेला आकार द्यायचा. त्यावर फक्त मेस्त्रे बसतो. दोरिवाल अठराव्या वर्षी कॉफीची पोती उचलायचं सोडून इथे आला, त्याला आता चव्वेचाळीसावं चालू होतं, आणि ही सगळी वर्षं तो त्या बाकाच्या उजव्या हाताला उभा होता. बाकावर आपण बसावं असं त्याला वाटत होतं. हे तो कोणाला बोलला नव्हता. पत्र पोस्टात टाकून आला त्या दिवशी तो जेवला नाही, एवढंच त्याच्या बायकोने शेजारणीला सांगितलं.

त्या सकाळी ओलिंदो गंधकाच्या कढत पाण्यात मनगट बुडवायला गावातल्या गरम झऱ्यांच्या स्नानगृहावर गेला आणि दुपारी घरी येऊन नुसता बसला. त्याची बायको सेसीलिया इथलीच, मिनास प्रांताची. तिला गप्प माणसं आवडत नाहीत.

"चार आहेत तर चार मांड," ती म्हणाली.

"चार पेले मांडणं म्हणजे नाही म्हणून घेणं."

"मग नाही म्हणू दे. तुझी भट्टी काय त्याने म्हटल्याने पेटते का?"

वाद हरला की ओलिंदो बागेत जाऊन संत्र्याच्या झाडाला पाणी घालतो. त्या दिवशी झाडाखाली तळं साचलं.

गुरुवारी पहाटे त्याने निवायची भट्टी उघडली तर आत बारा पेले होते.

त्याने दोनदा मोजले. मागे दोरिवाल जमीन झाडत होता. जिथे कचरा नव्हता तिथेही झाडत होता. बाकीचे चौघे फुंकण्या पुसण्यात गुंग होते, आणि इतक्या सकाळी इतक्या मन लावून फुंकण्या पुसणारी माणसं ओलिंदोने यापूर्वी पाहिली नव्हती. काल आपण गेल्यावर ही माणसं घरी गेली नाहीत हे त्याला समजलं. त्याने विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. पेले पेटीत भरताना त्याने देठांकडे निरखून पाहिलं नाही. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटणारा माणूस भराभर हात उरकतो.

अँसेल्मो बसमधून उतरला तो कडक इस्त्रीच्या कोटात. दोघा भावांनी एकमेकांना मिठी मारली, मागे होऊन एकमेकांची टक्कलं बघितली आणि परत मिठी मारली. घरी चालत जाताना रस्त्यावरच्या दुकानांत काचेचे मासे, काचेचे हंस आणि काचेचे कोंबडे रांगेने उभे होते. स्नानाला आलेले पाहुणे ते कागदात गुंडाळून घेऊन जात होते.

"कोंबडे," अँसेल्मो म्हणाला.

"कोंबडे खपतात."

"आपल्याकडे आपण कोंबडे करत नव्हतो."

"आपल्याकडे भट्टी आयती होती, दादा. इथे विटा मी कापल्या. पहिली दोन वर्षं काच हिरवट निघायची, शेवाळलेल्या पाण्यासारखी. चांगली वाळू शोधायला खेचरावरून हिंडलो मी."

"पूर्वी बेट सोडून पळालेल्या कारागिरामागे सरकार मारेकरी धाडायचं."

"आणि तू सत्तावीस वर्षांत तीन पोस्टकार्डं धाडलीस. मारेकरी परवडला असता."

अँसेल्मो हसला नाही, पण चालणं थोडं सावकाश केलं. गावात आता सात भट्ट्या होत्या. सातही ठिकाणी बाकावर बसलेला माणूस कधी ना कधी ओलिंदोच्या शिव्या खाऊन मोठा झालेला होता. ते सगळे दारापर्यंत येऊन टोपी काढत होते. ओलिंदो नुसती मान हलवत होता आणि आपल्या भावाला हे दिसतंय ना याची डोळ्यांच्या कोपऱ्यातून खात्री करून घेत होता.

रात्रीच्या जेवणाला सेसीलियाने मक्याच्या पिठाचा घाटा आणि भेंडी घातलेली कोंबडी केली होती. भेंडीकडे बघून अँसेल्मोने काटा थांबवला.

"हे बुळबुळीत काय आहे?"

"खाऊन बघा, मग नावं ठेवा," सेसीलिया म्हणाली. त्याने खाल्लं आणि नावं ठेवली नाहीत.

मग तिने टेबल पुसलं, पांढरी चादर अंथरली आणि वरचा दिवा खाली ओढला. ओलिंदोने एकेक पेला काढून मांडला. अँसेल्मोने चष्मा पुसला. प्रत्येक पेला उचलून नखाने वाजवला, कानाशी धरला, दिव्यासमोर फिरवला. तासभर हे चाललं. काही न बोलता त्याने पेल्यांचे दोन गट केले. एकीकडे चार आणि दुसरीकडे आठ.



"हे चार तुझे," अँसेल्मो म्हणाला. "मनगट खरंच गेलंय. इथे बघ, शेवटच्या फेऱ्यात रेघा सैल पडल्यात."

"माहितीये."

"आणि हे आठ तुझे नाहीत."

ओलिंदो चादरीची सुरकुती काढत बसला.

"चांगले आहेत," अँसेल्मो म्हणाला. ते म्हणताना त्याला बराच त्रास होत होता. "फार चांगले आहेत. बाबांनी केले म्हणून सांगितलं असतंस तरी खपलं असतं. फक्त उलटे आहेत."

"उलटे म्हणजे?"

"मनगटाबरोबर डोळेही गेले का? बघ की."

ओलिंदोने पेला उचलला. तीन पांढऱ्या रेघा एकमेकींभोवती बिनचूक गुंडाळत वर चढत होत्या. पण त्या डावीकडून चढत होत्या. साडेतीन फेरे, सगळे सारख्या अंतराचे, कुठे सैल नाही, कुठे गर्दी नाही, आणि सगळेच्या सगळे डावे. आठ पिढ्यांत असा पीळ कोणी घातला नव्हता. त्याने दुसरा उचलला, तिसरा उचलला. आठही तसेच.

"कोणी केले?"

"माझ्या माणसाने."

"रक्ताचा?"

"नाही."

"म्हणजे तू दाखवलंस." अँसेल्मोचा आवाज खाली गेला. "बाबांसमोर भट्टीच्या विटेवर हात ठेवून तू काय म्हणाला होतास, आठवतंय?"

"मी कोणालाही दाखवलं नाही, दादा."

"नाही दाखवलं," सेसीलिया मधेच म्हणाली. "मलासुद्धा नाही. सव्वीस वर्षं संसार केला, पण पिळाच्या वेळी हा माणूस माझ्याकडेही पाठच करेल."

"मग त्याला आला कसा?"

"सकाळी ये," ओलिंदो म्हणाला. "तूच विचार त्याला."

आपलं काहीतरी चोरीला गेलं याचा त्याला राग आला होता. पण त्या रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं आणि ते राग नव्हतं. ते काय आहे हे बघायला नको म्हणून तो लवकर झोपायला गेला.

शुक्रवारी पहाटे पाचला अँसेल्मो कोट घालूनच कारखान्यात आला. पाचही जण रांगेत उभे होते. दोरिवाल पुढे झाला आणि त्याने थेट मुरानोच्या बोलीत रामराम केला, प्रवास कसा झाला, झोप लागली का, विचारलं. अँसेल्मोने भावाकडे पाहिलं.

"हा आपलं बोलतो?"

"आधी शिव्या शिकला. बाकीचं मागून आलं."

अँसेल्मोने कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पेला काढला.

"हा तू केलास?"

"आम्ही केलाय, थोरले मेस्त्रे," दोरिवाल म्हणाला.

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"मग?"

दोरिवालने बाकामागच्या खिडकीकडे बोट केलं.

"काचेत बघितलं."

अँसेल्मो खिडकीपाशी गेला. ओलिंदो पीळ घालायला जिथे वळायचा त्याच जागेवर उभा राहिला. बाहेर काळोख होता आणि आत भट्टी पेटलेली होती, त्यामुळे तावदानात सगळं लख्ख दिसत होतं. त्याचा कोट, त्याचे हात, आणि त्याच्या खांद्यामागे उभा असलेला दोरिवाल. अँसेल्मोने कोपऱ्यातली फुंकणी उचलली आणि बोटांत उजवीकडे फिरवली. तावदानातल्या म्हाताऱ्याने ती डावीकडे फिरवली.

बराच वेळ तो फुंकणी फिरवत राहिला.

"इथे ही खिडकी कोणी ठेवली?"

"मी," ओलिंदो म्हणाला. "सगळी शेड मीच बांधली."

"मुरानोला घरी या जागेवर काय आहे?"

"भिंत."

"मग इथे खिडकी का?"

"उकडतं, दादा."

"पोसोसला? पहाटे? काल रात्री मला दोन पांघरुणं लागली."

एका कामगाराला खोकला आला. ओलिंदोने त्याच्याकडे बघायचं टाळलं. खिडकी का ठेवली हे त्याला खरंच सांगता आलं नसतं. पण दुसरी एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि आता ती स्वतःशी कबूल करावी लागत होती. पीळ घालताना त्याच्यासमोरही तेच तावदान असायचं. त्यात त्याला खाली घातलेल्या माना दिसायच्या आणि एक मान वर दिसायची. पहिल्यांदा दिसली तेव्हा ओरडायला हवं होतं. तो ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसली, तेव्हा त्याने फुंकणी जरा सावकाश फिरवली होती.

अँसेल्मोने फुंकणी जागेवर ठेवली. तो बाकाशेजारच्या खोक्यावर बसला आणि निवाडा करणाऱ्या माणसासारखे हात गुडघ्यांवर ठेवले.

"नियम काय आहे? पेन्झोंचा पीळ रक्ताबाहेर जाऊ द्यायचा नाही. पेन्झोंचा पीळ उजवा. हा डावा. म्हणजे आपला गेलेला नाही. तू शपथ मोडली नाहीस."



"पण याला मी घराण्याचा म्हणू शकत नाही," अँसेल्मो पुढे म्हणाला. मग तो दोरिवालकडे वळला. "हात मात्र चांगला आहे तुझा. असा हात रुज्जेरोकडे नाही, आणि तो माझा नातू आहे म्हणून मी हे मोठ्याने बोलणार नाही. मी कर्ता आहे, मला परवानगी देता येते. ओलिंदो तुला समोर बसवून उजवा पीळ दाखवेल. महिनाभरात हात वळेल. मग बारा पेले एकसारखे होतील, भट्टी पेन्झोंची होईल आणि बाक तुझा. रुज्जेरोला मी कळवतो."

ओलिंदो हे ऐकून हरखून गेला. सत्तावीस वर्षांत त्याने मागितलं असतं ते सगळं एका दमात मिळालं होतं. त्याने दोरिवालकडे पाहिलं.

दोरिवाल हात पँटला पुसत होता. नाही म्हटलं तर आजच पत्र जाईल आणि दोन महिन्यांत एक पोरगा बोटीतून उतरून या बाकावर बसेल, हे त्याला चांगलं कळत होतं. सव्वीस वर्षं वाट बघितलेली वस्तू हाताच्या अंतरावर होती. त्याने हात पुसायचं थांबवलं.

"नको, थोरले मेस्त्रे."

"काय नको?"

"उजवा नको. तुमचा तुमच्याकडे असू दे. माझा हात यावर बसलाय."

"अरे, तो उलटा आहे."

"तिथून बघितलं तर उलटा," दोरिवाल म्हणाला. "इथे हाच आहे. ही चौघंही हाच घालतात."

अँसेल्मोने त्या चौघांकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"ह्यांना कोणी दाखवला?"

"मी. दुपारी, सुट्टी झाल्यावर. समोर बसवून." दोरिवालने ओलिंदोकडे बघून मान थोडी खाली केली. "आम्ही पाठ करत नाही, मेस्त्रे. माफ करा. पाठीमागून शिकायला मला अकरा वर्षं लागली. ह्यांना दीड लागलं."

ओलिंदोने नकळत खिडकीकडे पाहिलं.

"आणि त्या आठांतले तीनच माझे," दोरिवाल म्हणाला. "बाकीचे पाच ह्यांचे."

"कुठले तीन?" अँसेल्मोने विचारलं.

"ते तुम्ही सांगा."

काल रात्री अँसेल्मोने ते आठ पेले तासभर दिव्यासमोर धरले होते. ओलिंदोचे चार त्याने पहिल्या झटक्यात वेगळे काढले होते. पण हे आठ त्याला एकाच माणसाचे वाटले होते. चिमट्याची खूण, फेऱ्यांचं अंतर, वाटीला टेकतानाचं वळण, सगळं एक. रुमालातला पेला त्याने पुन्हा उजेडात धरला, एका कामगाराच्या हातांकडे पाहिलं, मग दुसऱ्याच्या. ते हात एकमेकांसारखे मुळीच नव्हते. एक जाडा होता, एकाचं बोट अर्धं होतं.

"लहानपणी," तो शेवटी म्हणाला, "बाबांचे पेले कुठले आणि आजोबांचे कुठले, हे मला कधी ओळखता आलं नाही. आजोबा म्हणायचे, ओळखता आले तर आपण घरी बसावं."

त्याने पेला रुमालात गुंडाळला आणि परत खिशात घातला. तो मागून घेतला नाही, पण परतही दिला नाही.

"ही भट्टी पेन्झोंची नाही," तो म्हणाला.

"नाही," ओलिंदो म्हणाला.

आणि तेव्हा त्याला कळलं की काल रात्री रागाच्या खाली काय होतं. तो अभिमान होता. इतका मोठा होता की त्याचं काय करावं हे त्याला समजेना, म्हणून त्याने खिशातून रुमाल काढून उगाच नाक शिंकरलं. आठ पिढ्यांनी जे उशाखाली घेऊन सांभाळलं ते त्याने समुद्रापलीकडे आणलं होतं, आणि इथल्या मातीत ते उलटं उगवून पाच जणांच्या हाताला लागलं होतं.

"रुज्जेरोला काय लिहू?" अँसेल्मोने विचारलं.

"लिही की जागा भरली." ओलिंदो बाकापाशी गेला, त्याच्या फळीवरचे काचेचे कण हाताने झटकले आणि म्हणाला, "दोरिवाल, बस."

दोरिवाल हलला नाही.

"बस म्हणतोय ना? दादाला आज संध्याकाळची बस आहे. एक पेला डोळ्यांदेखत करून दाखव त्याला."

दोरिवालने टोपी काढली, परत घातली आणि बसला. बाकावर तो थोडा पुढे सरकून बसला, दुसऱ्याच्या घरी बसावं तसा. बाकाच्या उजव्या हाताची जागा आता रिकामी झाली होती. चौघांपैकी दोघे पुढे झाले, पण ओलिंदोने त्यांना हाताने मागे सारलं. त्याने फुंकणी उचलली. काच उचलायला मनगट लागत नाही, खांदा लागतो, आणि खांदा अजून त्याचा होता. भट्टीच्या तोंडात फुंकणी घालून त्याने ती सावकाश फिरवली आणि टोकाला लालभडक गोळा घेऊन बाकापाशी आला. पंचवीस पावलांत त्याने एक थेंबही ओघळू दिला नाही, आणि सगळ्यांनी ते पाहिलं असेल अशी त्याची अपेक्षा होती.

दोरिवालने गोळ्याकडे पाहिलं. तो घ्यायला हात पुढे केला नाही.

"जास्त आणलीत, मेस्त्रे."

ओलिंदो पेन्झोला असं सांगणारा शेवटचा माणूस त्याचा बाप होता, आणि त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. ओलिंदोने गोळ्याकडे निरखून पाहिलं. जास्तच होती, दीडपट.

"देठाला एवढी नको," दोरिवाल म्हणाला. "परत आणा."

ओलिंदोने गोळा बादलीत झटकला, फुंकणी खांद्याला लावली आणि पुन्हा भट्टीकडे निघाला. वाटेत अँसेल्मो खोक्यावर बसला होता. त्याच्याजवळून जाताना ओलिंदो थांबला.

"ऐकलंस ना, दादा?" तो म्हणाला. "आमचे मेस्त्रे फार कडक आहेत."